डिफॉल्ट ॲप बदलताना: आधी काय, मग काय

‘नवा ब्राउझर टाकला, तरी लिंक जुन्यातच उघडते.’ ‘ई-आधारची पीडीएफ भलत्याच ठिकाणी उघडते आणि सहीवर प्रश्नचिन्ह येतं.’ ‘झिलान फोन नीट करून दिल्यान, आता माजे मेसेज खंय गेले ता कळना नाय.’ कुडाळ-मालवण पट्ट्यात कुणाचा फोन किंवा लॅपटॉप हातात घेतला की तक्रारी साधारण अशाच असतात. तिन्हींचं मूळ एकच: ॲप बसवलं म्हणजे काम झालं, असं लोक धरून चालतात.

बसवण्याआधी तयारी असते. बसवल्यावर त्या ॲपला काम नेमून द्यावं लागतं (असं नेमलेलं ॲप म्हणजे त्या कामाचं ‘डिफॉल्ट’ ॲप), मग ते काम होतंय का ते बघावं लागतं. जुनं ॲप बंद करायचं ते सगळ्यात शेवटी. बहुतेक जण वैतागून नेमकं उलटं करतात. जुनं आधी काढून टाकतात, मग नवं शोधतात, आणि मधेच कुठेतरी ओटीपी अडकतो.

मेनूंची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत. कंपनीगणिक त्यांची जागा थोडी सरकते. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘डिफॉल्ट’ हा शब्द इंग्रजीत टाका. बहुतेक फोनवर थेट त्या पानावर पोचाल.

## मुहूर्त

एप्रिल-मेमध्ये हापूसच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत असताना, होमस्टे भरलेला असताना किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी यातलं काहीही करू नका. बदल करायला दहा मिनिटं लागतात, पण काय काय राहून गेलं ते लक्षात यायला आठवडा जातो. बोटीवर जाणाऱ्याचा फोन बदलायचा असेल तर पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस बरे. पहाटे बोट सुटणार आणि आदल्या रात्री कॉलचं ॲप बदललं, असं करू नये.

गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी वेगळी सूचना. आईबाबांचा फोन आल्या दिवशी बदला, निघायच्या दिवशी नाही. तुम्ही घरात आहात तोवर त्यांना दहा वेळा विचारता येतं. तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर तेच सगळं फोनवरून समजवायचं आणि मधे बोगदे, म्हणजे दोघांचाही वैताग. शिवाय एका बैठकीत एकच गोष्ट बदला. ब्राउझर, मेसेज, होमस्क्रीन आणि कीबोर्ड सगळं एकदम बदललं, तर नंतर काय कशामुळे बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

फोन निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या. लागणारी ॲपं आधीच, जिथे रेंज पक्की असेल तिथे, उतरवून ठेवा. लाईट गेली आणि राऊटर बंद पडला म्हणून काम अर्ध्यावर राहायला नको.

## पायरी १: नक्की काय बदलायचंय ते लिहून काढा

डिफॉल्ट हे अख्ख्या फोनचं नसतं, एकेका कामाचं असतं. वेबलिंक उघडणं हे एक काम. कॉल घेणं दुसरं, एसएमएस तिसरं. होमस्क्रीन, कीबोर्ड, आवाजी मदतनीस ही आणखी वेगळी कामं. कॉम्प्युटरवर तर फाईलच्या प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र नेमणूक असते: पीडीएफ एकाकडे, फोटो दुसऱ्याकडे, व्हिडिओ तिसऱ्याकडे. म्हणून कागदावर दोन रकाने करा. डावीकडे काम, उजवीकडे आज ते कोणतं ॲप करतं. हा कागद पुढे परतीच्या वाटेसाठी लागतो.

सर्वांत जास्त घोळ इथे होतो: ब्राउझर वेगळा आणि सर्च इंजिन वेगळं. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे ब्राउझर. गूगल, बिंग, डकडकगो ही सर्च इंजिनं. तुम्हाला शोधाचे निकाल आवडत नसतील तर ब्राउझर बदलायची गरज नाही, त्याच ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ बदला. उलट जाहिराती आणि पॉप-अपचा त्रास असेल तर नुसतं सर्च इंजिन बदलून काही होणार नाही.

नव्या अँड्रॉइड फोनवर हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला जायला हवा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलविरुद्ध आदेश दिला, त्यानंतर जानेवारी २०२३मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतातल्या नव्या फोनवर सेटअप करतानाच सर्च इंजिन निवडता येईल. पण फोन घेताना दुकानातला पोरगा एका हाताने स्क्रीनगार्ड लावतो आणि दुसऱ्या हाताने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जातो. तुमची निवड तो करून मोकळा होतो. फोन सुरू करायचं काम घरी येऊन स्वतः करा.

फोनबरोबर आलेली ॲपं तीन प्रकारची असतात. काही पूर्ण काढता येतात. काही काढता येत नाहीत, फक्त बंद करता येतात. काहींना यातलं काहीच करता येत नाही. काढता येत नाही म्हणून ते वापरलंच पाहिजे असं मात्र नाही. ते कोपऱ्यात पडून राहू द्या, काम दुसऱ्याला द्या.

तपासणी: कागदावर किमान ब्राउझर, पीडीएफ, कॉल, एसएमएस आणि कीबोर्ड यांपुढे आजच्या ॲपचं नाव आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: सामान आधी हलवा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच लोक ती गाळतात. जुन्या ब्राउझरमध्ये बुकमार्क, पासवर्ड, भरलेले पत्ते असं बरंच साठलेलं असतं. नवा ब्राउझर रिकामा येतो.

कॉम्प्युटरवर नव्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘इम्पोर्ट’ असा पर्याय असतो. त्यातून बुकमार्क सहज येतात. पासवर्ड बहुतेकदा वेगळे आणावे लागतात: जुन्या ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमधून ‘एक्स्पोर्ट’ केले की एक सीएसव्ही फाईल तयार होते, ती नव्यात ‘इम्पोर्ट’ करायची.

इशारा: या सीएसव्ही फाईलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. कुलूप नाही, काही नाही. काम झालं की ती डाउनलोड्समधून काढा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवू नका. सायबर कॅफे, शाळेचा संगणक किंवा सेवा केंद्रातला संगणक इथे ही फाईल तयारच करू नका.

फोनवर सोपं आहे: त्याच ब्राउझरच्या खात्यात लॉगिन करून सिंक चालू केलं की कॉम्प्युटरवर आणलेलं फोनवर उतरतं.

एक गोष्ट कुठल्याच मार्गाने भरवशाने येत नाही, ती म्हणजे चालू असलेलं लॉगिन. नव्या ब्राउझरमध्ये बँक, बुकिंगची साईट, वीजबिल, सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल आणि ओटीपी मागितला जाईल. तो ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो, हे आत्ताच बघा. होमस्टेचं खातं मुलाने ठाण्यात बसून उघडलेलं असतं, नंबर त्याचा दिलेला असतो, आणि तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना इकडे पाहुण्याचं बुकिंग कन्फर्म करायचं राहतं. आधी खात्यावरचा नंबर बदलून घ्या, मग ब्राउझर बदला.

एसएमएसची गोष्ट वेगळी. अँड्रॉइडवर साधे एसएमएस फोनच्या सामाईक साठ्यात असतात, त्यामुळे ॲप बदललं तरी ते जात नाहीत. नव्या ॲपला परवानगी दिली की दिसू लागतात. मात्र गूगल मेसेजेसमधले इंटरनेटवरून जाणारे चॅट दुसऱ्या ॲपमध्ये दिसतीलच असं धरू नका. पिन केलेले, अर्काइव्ह केलेले, स्पॅममध्ये टाकलेले असे कप्पेही तसेच्या तसे येत नाहीत. आईचे ‘हरवलेले’ मेसेज बहुतेक वेळा अशा कप्प्यांच्या अदलाबदलीत असतात.

## पायरी ३: अँड्रॉइडवर नेमणूक

१. सेटिंग्ज उघडा, ‘ॲप्स’मध्ये जा, तिथे ‘डिफॉल्ट ॲप्स’. सॅमसंगवर ‘चूज डिफॉल्ट ॲप्स’ असं दिसतं. शाओमी-रेडमीवर ‘मॅनेज ॲप्स’मध्ये शिरून वरचे तीन ठिपके दाबावे लागतात.

२. ‘ब्राउझर ॲप’वर टॅप करा, नवा ब्राउझर निवडा. यादीत नसेल तर तो एकदा उघडून परत या.

३. मागे या. सेटिंग्ज बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये आलेली एखादी लिंक दाबून बघा.

इतकंच. पण इथून पुढे लोक अडकतात, म्हणून थोडं थांबू.

एखादी फाईल किंवा लिंक दाबल्यावर फोन खालून एक पट्टी वर आणतो आणि विचारतो: ‘जस्ट वन्स’ की ‘ऑलवेज’? घाईत ‘जस्ट वन्स’ दाबत राहिलात तर तो दर वेळी विचारणार. चुकीच्या ॲपवर ‘ऑलवेज’ दाबलंत तर तो पुन्हा विचारणारच नाही. दुसऱ्या चुकीवर उपाय असा: जे ॲप आता नको असताना उघडतंय, त्याच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’मध्ये जा, ‘ओपन बाय डिफॉल्ट’ किंवा ‘सेट ॲज डिफॉल्ट’ उघडा आणि ‘क्लिअर डिफॉल्ट्स’ असं काही असेल ते दाबा. पुढच्या वेळी पट्टी पुन्हा येईल. हे नव्या ॲपच्या पानावर शोधू नका, ते जुन्याच्या पानावर असतं. तासन् तास चुकीच्या जागी शोधणारे लोक पाहिले आहेत.

याच ‘ओपन बाय डिफॉल्ट’ पानावर ‘ओपन सपोर्टेड लिंक्स’ असा खटका असतो. यूट्यूबची लिंक ब्राउझरऐवजी यूट्यूब ॲपमध्ये उघडते ती याच्यामुळे. ब्राउझर बदलून यात फरक पडत नाही. नको असेल तर त्या त्या ॲपचा खटका बंद करा.

आणखी तीन ठिकाणी ‘डिफॉल्ट लागू होत नाही’ असं वाटतं, पण बिघाड काहीच नसतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राममधल्या लिंका त्यांच्या पोटातल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे तीन ठिपके दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. जीमेल ॲपच्या जनरल सेटिंग्जमध्ये ‘ओपन वेब लिंक्स इन जीमेल’ असं असतं, त्याची खूण काढा. होमस्क्रीनवरची गूगलची शोधपट्टी हा ब्राउझर नव्हे, तो विजेट आहे, म्हणजे होमस्क्रीनवर ठेवलेला ॲपचा तुकडा. तो ओढून काढा आणि हवं तर नव्या ब्राउझरचा विजेट ठेवा.

तपासणी: एक लिंक व्हॉट्सॲपवरून, एक एसएमएसमधून, एक ईमेलमधून. तिन्ही नव्या ब्राउझरमध्ये उघडल्या तर ब्राउझरचं काम झालं.

### कॉल आणि एसएमएस: दोनदा विचार करा

माझं मत स्पष्ट आहे: फोनबरोबर आलेलं कॉलचं ॲप चालत असेल तर ते बदलू नका. बदलायचंच असेल तर बदलल्यावर लगेच चार गोष्टी करून बघा. एक कॉल लावा. पडदा कुलूपबंद असताना एक कॉल घ्या. दोन सिमं असतील तर दोन्हींवरून लावा. ब्लूटूथवर आवाज येतो का पाहा. यातलं एक जरी बिघडलं तरी जुन्याकडे परत जा.

इशारा: एसएमएसचं डिफॉल्ट ॲप तुमचे सगळे ओटीपी वाचू शकतं. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाईल (म्हणजे ॲप बसवणारी फाईल) येते, ती बसवली की एसएमएस वाचायची परवानगी मागते किंवा मेसेजचं डिफॉल्ट ॲप व्हायला बघते. ती परवानगी दिलीत की खातं रिकामं व्हायची वाट मोकळी. पत्रिका कधीच एपीके नसते. अशी फाईल बसली असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मेसेजचं डिफॉल्ट जुन्या ॲपकडे परत द्या, ते ॲप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

### कीबोर्ड

मराठी टाईप करायला वेगळा कीबोर्ड घेतला, तरी अक्षरं जुन्यातूनच येतात, ही तक्रार वारंवार येते. इथे दोन स्वतंत्र कृती आहेत. भाषा आणि इनपुटच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ उघडून नवा कीबोर्ड चालू करायचा, ही पहिली. मग टाईप करताना खाली कोपऱ्यात येणारं छोटं कीबोर्डचं चिन्ह दाबून तो निवडायचा, ही दुसरी. पहिलीवर थांबलात तर काहीच बदलत नाही. कीबोर्डला तुम्ही लिहिता ते सगळं दिसतं, तेव्हा भलत्यासलत्या कंपनीचा फुलाफुलांचा कीबोर्ड घेऊ नका. जीबोर्डमध्ये मराठी आहे आणि इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोयही आहे.

## पायरी ४: विंडोजवर नेमणूक

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तरी गावोगावच्या मशिनींवर तेच आहे. विंडोज १० आणि ११, दोन्हींत रस्ता एकच: सेटिंग्ज, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’. विंडोज १०मध्ये थेट ‘वेब ब्राउझर’ असा रकाना दिसतो. विंडोज ११मध्ये ॲपांची यादी येते. त्यात तुमचा ब्राउझर निवडा आणि वर येणारं ‘सेट डिफॉल्ट’ हे बटण दाबा. हे बटण २०२२च्या अपडेटपासून आलं आहे. दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट करा.

अनेकदा ब्राउझरच स्वतःहून विचारतो, ‘मला डिफॉल्ट करा?’ तुम्ही हो म्हणता आणि तो फक्त सेटिंग्जचं पान उघडून देतो. पुढचं बटण तुम्हीच दाबायचं असतं. लोक ते पान बंद करतात आणि झालं असं समजतात. ब्राउझरला परस्पर हे करू न देण्यामागे विंडोजचं कारण रास्त आहे, नाहीतर कुठलाही फुकटचा प्रोग्राम गुपचूप स्वतःला नेमून घेईल.

इशारा: ‘सेट डिफॉल्ट’ दाबल्यावरही पीडीएफ एजमध्येच उघडत राहू शकतात. पीडीएफची नेमणूक वेगळी करावी लागते.

त्यासाठी डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर सगळ्यात वरच्या चौकटीत इंग्रजीत .pdf टाईप करा. आज जे ॲप नेमलेलं आहे त्याचं नाव खाली येईल. त्यावर क्लिक करून दुसरं निवडा. विंडोज १०मध्ये हेच ‘चूज डिफॉल्ट ॲप्स बाय फाईल टाईप’मधून होतं, तिथली यादी लांबलचक आहे, पीपर्यंत खाली जावं लागतं. तिसरा मार्ग कुठल्याही पीडीएफवर राईट क्लिक करून ‘ओपन विथ’, मग ‘चूज अनदर ॲप’. विंडोज १०मध्ये तिथे खाली ‘ऑलवेज’ची चौकट असते, तिच्यात खूण केली नाही तर तेवढ्यापुरतंच उघडतं.

नुसतं वाचायला आणि छापायला ब्राउझर पुरतो. पण डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार यांची सही पडताळायची असेल तर ॲक्रोबॅट रीडरसारखं ॲप लागतं. ब्राउझर सहीचं चित्र दाखवतो आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ असं प्रश्नचिन्ह तसंच ठेवतो. लोक कागद खोटा समजून तलाठ्याकडे जातात. रीडरमध्ये तीच फाईल इंटरनेट चालू असताना उघडा, सहीवर राईट क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मध्ये जा, प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे ते वाचा, खात्री पटली तरच ‘ट्रस्ट’च्या टॅबमधून ते विश्वासू यादीत घाला आणि ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ करा. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. नाव न वाचता विश्वासू यादीत घालणं म्हणजे पडताळणीच न करणं. ज्यांना हे काम रोज करावं लागतं, त्यांनी पीडीएफचं डिफॉल्ट रीडरकडेच ठेवावं.

वर्डच्या फाईलींसाठी लिब्रेऑफिस नेमायचं असेल तर आणखी एक खटका बदला, नाहीतर पंचायत समितीला पाठवलेली फाईल तिकडे उघडणार नाही किंवा विस्कटलेली दिसेल. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथे ‘ऑलवेज सेव्ह ॲज’मध्ये वर्डचा प्रकार निवडा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली मराठी मात्र कुठलंही ॲप नेमलं तरी तो फाँट मशिनीवर नसेल तर अगम्यच दिसणार. तो आजार वेगळा आहे.

इशारा: विंडोजमध्ये या नेमणुका वापरकर्त्याच्या खात्यापुरत्या असतात. शाळेत मुख्याध्यापकांच्या खात्यात बदल केला तर शिक्षकांच्या खात्यात तो होत नाही. प्रत्येक खात्यात शिरून पुन्हा करा.

स्टार्टच्या शोधात काही शोधलं किंवा विजेटमधली बातमी उघडली, की ती आपल्याकडे एजमध्येच उघडते. सेटिंग्ज पुन्हा पुन्हा तपासू नका, ते तसंच ठेवलेलं आहे. सवय अशी लावा की शोध थेट ब्राउझरमध्येच घ्यायचा.

## पायरी ५: आयफोन आणि मॅक

इथे काम थोडं आहे. आयओएस १८.२पासून सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’च्या आत सगळ्यात वर ‘डिफॉल्ट ॲप्स’ मिळतं. ब्राउझर, ईमेल, कॉल, मेसेज, कीबोर्ड, पासवर्ड, सगळं एका पानावर. त्याआधीची आवृत्ती असलेल्या फोनवर त्या त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर ॲप’ शोधावं लागतं. नेमलेलं ॲप काढून टाकलंत तर नेमणूकही जाते, आणि ॲप परत बसवल्यावर ती आपोआप येत नाही.

मॅकवर ब्राउझर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्ये बदलतो, हे कुणाच्या मनातही येणार नाही अशी जागा आहे. फाईलींसाठी फाईल निवडून ‘गेट इन्फो’ उघडा, ‘ओपन विथ’मध्ये ॲप बदला आणि खालचं ‘चेंज ऑल’ दाबा. ‘चेंज ऑल’ विसरलात तर बदल त्या एकाच फाईलपुरता होतो.

## पायरी ६: आठवडाभर दोन्ही ठेवा

या आठवड्यात जुनं ॲप काढायचं नाही, बंदही करायचं नाही. फक्त होमस्क्रीनवरून त्याचं चिन्ह हलवा, म्हणजे सवयीने बोट तिकडे जाणार नाही. रोजची कामं नव्याने करा आणि जिथे अडलं ते पायरी १च्या कागदावर लिहा.

होमस्टेवाल्यांनी निदान एवढं करून बघावं: पाहुण्याने पाठवलेलं लोकेशन उघडा, बुकिंगच्या साईटवर लॉगिन करा, पावतीची पीडीएफ उघडून छापा, पाहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आधारचा फोटो उघडा. बागायतदारांनी बाजारभावाचं पान आणि बँकेचं पान. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या अर्जाची साईट. काही सरकारी साईटी अजूनही ठराविक ब्राउझरमध्येच नीट चालतात, आणि हे शेवटच्या तारखेला कळून उपयोग नाही. अशा एखाद्या साईटसाठी जुना ब्राउझर कायम ठेवावा लागला तर ठेवा. डिफॉल्ट एक असतं, पण मशिनीवर दोन ब्राउझर असायला काहीच हरकत नाही.

## पायरी ७: जुनं बंद करणं

आठवडा सुरळीत गेला की ‘ॲप इन्फो’मध्ये जाऊन ‘अनइन्स्टॉल’ किंवा ‘डिसेबल’. ‘डिसेबल’ केलेलं ॲप परत चालू करता येतं, म्हणून शंका असेल तिथे तेच दाबा.

यांना मात्र हात लावू नका:

- गूगल प्ले सर्व्हिसेस. तिच्यावर असंख्य ॲपं उभी आहेत.
- अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू. नाव परकं वाटतं म्हणून लोक बंद करतात आणि मग बँकेचं ॲप उघडताक्षणी बंद पडतं.
- फोनबरोबर आलेलं कॉलचं ॲप आणि जुना लाँचर, म्हणजे होमस्क्रीन दाखवणारं ॲप. नव्यात बिघाड झाला तर परतायला जागा हवी.
- ज्याचं काम काय ते कळत नाही असं कुठलंही ‘सिस्टिम’ ॲप.

‘फोन हलका करतो’ म्हणून कुणी कॉम्प्युटरला जोडून अशी ॲपं मुळासकट काढून देत असेल, तर आईबाबांच्या फोनवर तसं करू देऊ नका.

तपासणी: बंद केल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा. कॉल, ओटीपी, यूपीआयचा क्यूआर आणि व्हॉट्सॲपवरची लिंक, चारही पुन्हा बघा.

## अपडेटनंतर परत फिरलं तर

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी निळसर पडदा येतो आणि सेटअप पूर्ण करायला सांगतो. त्यात ‘रेकमेंडेड ब्राउझर सेटिंग्ज’ वापरायचं का, असा प्रश्न असतो. हो म्हणालात की ब्राउझर पुन्हा एज. न वाचता पुढे जाऊ नका. ‘बदलू नका’ असा पर्याय त्याच पडद्यावर असतो. ‘ॲप डिफॉल्ट वॉज रीसेट’ अशी सूचना आली तर घाबरायचं कारण नाही, पायरी ४ पुन्हा करा.

अँड्रॉइडवर नवा ब्राउझर अपडेट होताना अडकला किंवा चुकून निघाला तर लिंक जुन्याकडे जातात, जुना बंद असेल तर कुठेच जात नाहीत. आधी प्ले स्टोअरवरून नवा ब्राउझर परत घ्या, मग डिफॉल्ट ॲप्समध्ये तो निवडा.

सगळंच गुंतलं असेल तर विंडोजमध्ये डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर खाली ‘रीसेट’ बटण आहे. अँड्रॉइडवर ॲपांच्या यादीतल्या तीन ठिपक्यांत ‘रीसेट ॲप प्रेफरन्सेस’ मिळतं. त्याने तुमचा डेटा जात नाही, पण बंद केलेली ॲपं परत चालू होतात आणि काही परवानग्या व सूचनांची बंधनं पूर्वीसारखी होतात. त्यानंतर पायरी १चा कागद काढा आणि उजव्या रकान्यात आता नेमलेली नावं लिहा. तो कागद आईबाबांच्या घरी फोनच्या चार्जरशेजारी चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फोन हातात घेणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते विचारावं लागणार नाही.